रेणेच्या वाळूतला पतंग

मुंबईच्या तज्ज्ञांचे पत्र शिवमूर्तीने दोनदा वाचले. 'आपण पाठवलेला हा पतंग केवळ समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत राहतो. रेणापूरच्या नदीपात्रात तो सापडणे संभवत नाही; नोंदचिठ्ठीत गफलत असावी. शिवाय लातूर नावाचा जिल्हा आमच्या यादीत नाही.'

दुसऱ्या आक्षेपावर तो हसला. जिल्हा होऊन चार वर्षे झाली होती. पहिल्यावर मात्र हसता येईना. लातूरच्या महाविद्यालयात तो प्राणिशास्त्र शिकवत असे. पतंग सापडला त्याच महिन्यात त्याने विद्यार्थ्यांची सहल कोकणात नेली होती आणि कीटकांची पेटी दोन्हीकडे एकच होती. दुसऱ्या कोणाचा असा दावा त्याने स्वतःच फेटाळला असता. पतंग इथला असेल, तर त्याची अळी इथल्या वाळूत मिळायला हवी. नाहीतर दावा मागे घ्यायचा.

रेणा नदी दुष्काळाने ठणठणीत कोरडी पडली होती. अकरा दिवस तो तिचे पात्र वीतभर खोल चाळत राहिला. बाराव्या दिवशी पात्रात खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरायला आलेल्या शांतम्मा आत्याने घागर खाली ठेवली.

"काय हुडकायलास रे शिवा? सोनं?"

"अळी, आत्या. पांढरी."

"वरच्या तापल्या वाळूत? तुझ्यापरीस त्या अळीलाच लई अक्कल हाय की!"

पदर खोचून तिने लव्हाळ्याच्या बुडाशी वाळू उपसायला घेतली. हात कोपरापर्यंत गेला, वाळूला ओल लागली. तिने मूठ उघडली. तळहातावर दोन अळ्या वळवळत होत्या.

"झिरा उकरताना रोजच निघतात. कुणी इचारलंच न्हाई."

पण अळी कशाची, हे अजून ठरायचे होते. ओली वाळू आणि मुळांसकट शिवमूर्तीने दोन्ही अळ्या बरणीत ठेवल्या. एक मेली. एकतिसाव्या दिवशी दुसरीचा पतंग झाला. पंखांच्या शिरा, ठिपके, मोजमाप, सगळे पहिल्या पतंगाच्या नोंदींशी तंतोतंत जुळले.

नवी नोंदचिठ्ठी त्याने आत्याला वाचून दाखवली: 'रेणा पात्र, रेणापूर, जिल्हा लातूर. संकलक: शांतम्मा.'

"आन् तुझं नाव रं?"

"मी फक्त बरणी सांभाळली, आत्या."

"मग तेवढं तरी लिही."

त्याने 'संगोपन: शिवमूर्ती' अशी ओळ जोडली आणि सोबतच्या पत्रात शेवटी लिहिले: 'नमुना तपासून घ्यावा. आपल्या यादीत लातूर जिल्हा वाढवावा, ही विनंती.'