ओल्या गोणपाटाखालची पेटी

“जाळी खाली घे! हसायचंय तर जाळीच्या आत हस!” थोरली ओरडली.

पण धाकटी तोंडावरची तारेची जाळी कपाळावर सारून हसतच होती. सरकत्या पट्ट्यावर बाटली ठो करून फुटली होती आणि मुकादम टेबलाखाली शिरला होता.

“ही तुमची जाऊ म्हणजे नुसती फसफसते,” तो कपडे झटकत बाहेर आला.

फसफसते. सोड्याच्या कारखान्यात याहून मोठं कौतुक नव्हतं.

घरी, सासूच्या तोंडी: “जरा कमी फसफसावं माणसानं.”

घरी, नवऱ्याच्या तोंडी: “कुणापुढे फसफसत होतीस?” मग भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज. पलीकडे थोरली भांडी घासत राहायची. नळ मोठा सोडून.

कारखान्यात मात्र तिचे कान तिखट. भरलेल्या बाटलीवर नखाने टिचकी. टण वाजली, पुढे. बद्द वाजली, म्हणजे कुठेतरी तडा. ती ओल्या गोणपाटाखालच्या पेटीत. आतला गॅस निघून जाईपर्यंत त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही.

दुपारी तो आला. धाकटीचा नवरा.

“चल घरी.”

“सुट्टी झाली की येते ना.”

त्याने केस धरले. तोंड पट्ट्यावर आपटलं. जाळीची तार गालात रुतली, रक्त बाटल्यांवरून ओघळलं.

“अहो, घरचं घरी...” मुकादम म्हणाला आणि मागे सरकला.

“भाऊजी, सोडा तिला!”

“तुम्ही मधे पडू नका, वहिनी. तुम्हीच आणलंत हिला इथे.”

खरंच होतं ते.

हाताला काहीतरी हवं म्हणून त्याने गोणपाट ओढलं. बाटली मानेला धरून उचलली.

थोरलीने तोंड उघडलं. ती बाटली सकाळीच बद्द वाजली होती.

तिने तोंड मिटलं. जाळी खाली घेतली, धाकटीला पोटाशी ओढलं, पाठ फिरवली.

ठो.

दवाखान्याच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. आत त्याचा उजवा हात मनगटापासून काढत होते.

“ताई, ती बद्दवाली होती ना?”

“हो.”

मुकादमाने पाठवलेला सोडा धाकटीने काचेच्या पेल्यात ओतला. एरवी नाकाशी बुडबुडे फुटले की तिला शिंक यायची, शिंकेवर हसू यायचं. आज तिने पेला लांब धरला. शेवटचा बुडबुडा विरला, मगच प्यायली.

रिकामा पेला थोरलीने घेतला. सवयीने बोट उचललं.

टिचकी मारली नाही.