चामडेवाल्याचा हात

थोरल्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. गॅरेजात पत्रा ठोकता ठोकता तो जी सरबत्ती करी, ती ऐकून गाडी घेऊन आलेले सभ्य लोक कानकोंडे होत आणि तरी पुन्हा त्याच्याकडेच येत, कारण चेपलेला दरवाजा त्याच्यासारखा सरळ करणारा शहरात दुसरा नव्हता. "ए मुडद्या, पाना मागितला, तुझी किडनी नाही मागितली!" "हसून घे, दात आहेत तोवर." हे कामगारांसाठी. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. त्याच्या एका वेल्डरला पुढचे दात नव्हते, ते कसे गेले हे सगळ्यांना माहीत होतं.

धाकटा भाऊ त्याच इमारतीत, गॅरेजच्या वर, दादा-वहिनीच्या खोलीला लागून असलेल्या मागल्या खोलीत राही. कॉलेजात लॅटिन शिकवी. वर्गात विद्यार्थी कमी आणि बाकं जास्त. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कुणा टवाळखोराने लिहिलेली एक गोष्ट त्याने भाषांतराला घेतली होती. लिहिणाऱ्याचं नाव काळाच्या पोटात गेलेलं. गोष्ट एका चामड्याच्या व्यापाऱ्याची. हा गुलाम म्हणून जन्मला, सुटला, गबर झाला. मग मानमरातब हवा म्हणून त्याने कुठल्याशा जुन्या सरदाराचा संगमरवरी पुतळा विकत घेतला, त्याचं मुंडकं छाटलं आणि तिथे स्वतःचं बसवलं. गाव त्याच्या पाठीमागे हसतं आणि तोंडावर थरथरतं, अशी ती गंमत.

पहिला खर्डा संपादकबाईंनी परत पाठवला. "तुमचा चामडेवाला बोलत नाही हो, निबंध वाचतो. असा माणूस आयुष्यात ऐकलाच नाहीत का कधी?"

ऐकला नाही म्हणे! धाकट्याने फक्त खिडकी उघडली आणि खाली कान दिला. लॅटिन शिव्यांच्या जागी दादाच्या शिव्या बसल्या, आणि त्या अशा चपखल बसल्या की चामडेवाला कागदावरून उठून चालायला लागला. भाषांतरात हे असं सगळेच करतात. पण सगळ्यांचे भाऊ खाली हातोडा घेऊन उभे नसतात, एवढं त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

प्रकाशन रविवारी दुपारी, वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. एक नट काही पानं वाचून दाखवणार होता. धाकट्याने दादाला बोलावलं नव्हतं. वहिनीनेच त्याला आणलं. "अहो, भावजींचं पुस्तक आहे, घरचं कुणी नको का?" म्हणाली आणि ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत येऊन बसली.

नटाने आवाज चढवला. "ए मुडद्या, हसून घे, दात आहेत तोवर!" हॉल खो खो हसला. दादा आधी चपापला, मग त्याचा चेहरा फुलला. "अरे, हा तर मीच!" त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. पुतळ्याचं मुंडकं छाटताना तर त्याने मांडीवर थाप मारली. व्यासपीठावर धाकट्याने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

मग नट त्या पानावर आला. चामडेवाला बायकोला बडव बडव बडवतो. दमतो. पलंगाच्या काठावर बसतो आणि तळहात तिच्यापुढे धरतो. "तुझ्यामुळे माझा हात दुखला. चोळून दे." ओठ फुटलेली ती बायको तेल आणते आणि मारणारा हात चोळत बसते. तो लहान पोरासारखा मुळुमुळु रडतो आणि म्हणतो, "बघ, मलाच किती त्रास होतो."

हॉल हसला. मागे कुणी टाळ्याही वाजवल्या. पहिल्या रांगेत मात्र दादा हसत नव्हता. तो मान वळवून बायकोकडे बघत होता, आणि ती जमिनीकडे. मग त्याने तिचं मनगट धरलं आणि भर कार्यक्रमातून तिला ओढत बाहेर नेलं.

धाकटा व्यासपीठावरून उतरला तो धावतच सुटला.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. खालून वाकून तो आत शिरला तेव्हा वहिनी ग्रीसने बरबटलेल्या फरशीवर पडली होती आणि दादा तिच्या कमरेत लाथ घालत होता. तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं होतं. ती ओरडत नव्हती. ते न ओरडणंच फार वाईट होतं.

"त्याला सांगतेस? घरातलं त्याला सांगतेस? आणि तो चारचौघांत वाजवतोय!"

"दादा, सोड तिला! तिने काही सांगितलं नाही. ते मुळातच आहे! लॅटिनमध्ये!"

"काय आहे?"

"हात चोळायचं. तुझ्या फक्त शिव्या घेतल्या मी. बाकीचं दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे, आईची शपथ!"

दादाने वहिनीला केसांना धरून उठवलं. "दोन हजार वर्षांपूर्वी माझ्या झोपायच्या खोलीत कोण आला होता रे?"

म्हणजे हे खरं होतं. भिंतीपलीकडे रेडिओ मध्येच मोठा व्हायचा तो का, वहिनी उन्हाळ्यातही लांब बाह्या का घालायची, हे सगळं धाकट्याला एकदम कळलं. ते पान त्याने हसत हसत भाषांतरित केलं होतं. मेलेल्या भाषेतला प्रत्येक प्रत्यय त्याला कळला, आणि शेजारच्या खोलीतलं रडणं कळलं नाही. त्याला स्वतःची शिसारी आली.

दादाने वहिनीचं डोकं कामाच्या टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. पुन्हा आपटायला मागे ओढलं. आणखी एक तडाखा आणि ती संपली असती.

"मी बघितलं!" धाकटा किंचाळला. "दाराच्या फटीतून. रोज बघायचो. मजा यायची बघायला. तिला काही माहीत नाही."

दादाने केस सोडले.

धाकट्याला हाणामारी कधी जमली नाही. पहिल्या ठोशात नाक फुटलं, दुसऱ्यात तो टायरांच्या ढिगावर कोसळला. दादाने त्याला मानगूट धरून टेबलापाशी आणलं, त्याचा उजवा पंजा टेबलावरच्या शिकंज्यात घातला, ज्यात तो लोखंडी पट्ट्या धरून कापायचा, आणि दांडा फिरवला. "लिहितोस? लिही आता." दांडा अजून फिरवला. आत काहीतरी कडकन मोडलं, मग आणखी काहीतरी. धाकट्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

मग दादा दमला. एका पालथ्या डब्यावर बसला. त्याची बोटं सोलवटली होती, छाती भात्यासारखी चालत होती. डोळ्यांत पाणी भरलं. आणि त्याने, सवयीने, काही विचार न करता, हात पुढे केला.

"दुखतोय गं," तो म्हणाला. "ये इकडे."

वहिनी उठली. टेबलाचा आधार घेत घेत आली. त्याच्यापुढे बसली, तो हात आपल्या हातात घेतला, अगदी हळुवार, आणि शेजारच्या ऐरणीवर पालथा ठेवला. दादाने डोळे मिटले होते. तिने पत्रा ठोकायचा हातोडा उचलला आणि दोन्ही हातांनी हाणला. एकदा हाणला, आणि तो ओरडून खाली पडला तेव्हा पडलेल्या हातावर पुन्हा हाणला. हाड बाहेर आलं तेव्हा थांबली.

आधी तिने शिकंज्याचा दांडा उलटा फिरवून धाकट्याला सोडवलं. "भावजी, मी कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे, वहिनी."

शटरबाहेर माणसं जमली होती. दात गेलेला वेल्डर, समोरचा दुकानदार, हॉलमधून मागोमाग आलेल्या संपादकबाई. वहिनीने शटर वर केलं. सगळ्यांनी तिचं कपाळ बघितलं, मग आत बघितलं.

"भावजींना आधी दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "यांनाही न्या. आणि पोलिसांना बोलवा, मी इथेच बसते. यांचा हात मी मोडलाय. का मोडला, ते आता सगळं सांगते."