ओ आली नाही

स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढा; पण त्याच्या नाकदुऱ्या काढता काढता तिची चाळिशी उलटली होती. तळघरातल्या प्रयोगशाळेत ती त्याला द्रव हेलियमने गार करायची, जिथून पुढे थंडी वाढूच शकत नाही जवळजवळ तिथवर, आणि चुंबकाचा जोर हळूहळू चढवायची. एका ठरावीक जोराला तो धातूपणा टाकतो, वीज अडवू लागतो. नेमक्या त्या उंबरठ्यावर त्यातली वीज कापरं भरल्यासारखी थरथरते. विजेचा तो गोंगाट तिला मोजायचा होता. पडद्यावर मात्र भलतीच खरखर उमटायची: हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची आणि प्राणवायू कमी झाल्यावर ओरडणाऱ्या यंत्राची.

"काका, दोन्ही बंद करूया? थोडाच वेळ."

हेलियम भरणारे काका निवृत्तीला टेकले होते. "करा की ताई. ते यंत्र तर उंदीर शिंकला तरी बोंबलतं."

हसत हसत तिने खटके दाबले आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसली. रेघ शांत झाली. मग चुंबक उंबरठ्याशी येताच फुगत गेली, गणितात होती तश्शी. तिच्या अंगावर काटा आला.

"काका, बघायला या!"

ओ आली नाही. असतील कामात, म्हणून ती मोजतच राहिली.

दार उघडलं तेव्हा काका टाकीशी पालथे पडले होते. नळीचा सांधा सुटून हेलियमने खोलीतली हवा हुसकावून लावली होती. ना रंग, ना वास. श्वास रोखून तिने त्यांना ओढत बाहेर आणलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

चौकशीआधी विभागप्रमुख कानाशी लागले, "यंत्र आधीच बिघडलं होतं म्हणा. गेलेला माणूस काही परत येत नाही."

"मी बंद केलं," तिने सगळ्यांसमोर सांगितलं. नोकरी गेली.

मग ती काकूंकडे गेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"हाक मारलीत, ओ आली नाही. मग उठला का नाहीत?"

"रेघ... चांगली येत होती, काकू."

काकू उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

पुढे त्या मोजमापांवर दुसऱ्याच कुणीतरी शोधनिबंध लिहिला. तिने तो चूक शोधत वाचला. चूक कुठेच नव्हती.