आवडीबाईच्या कानातला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्यात गाणं नाही, भजन नाही, कुणाचं भाषणही नाही. माझ्यात नुसता गोंगाट आहे. हसू आलं असेल तर हसा. आजवर बहुतेक सगळे हसलेच आहेत.

माझा जन्म जपानमधल्या एका लहान शहरात, इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत झाला. मिसाओ नावाची बाई दिवसभर दुकानात कपडे इस्त्री करायची आणि काम संपलं की त्या खोलीत बसून आवाज बनवायची. आपल्या या संगीताला तिनं ‘कावारा’ असं नाव दिलं होतं. कावारा म्हणजे छपरावरचं कौल. तिची वाद्यं म्हणजे एक गंजका पत्रा, मोडका पंखा आणि रिकामं पिंप. पत्र्याला ती माइक चिकटवायची आणि पत्रा घासायची. तो आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा माइकात शिरायचा आणि फुगत जायचा.

शेजारी म्हणायचे, ही नुसती आदळआपट करते. मी मात्र तिला जवळून पाहिलं आहे. एक बटण केसभर फिरवण्यात तिची अख्खी संध्याकाळ जायची. ती डोळे मिटून ऐकायची, नाराजीनं मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अखेर तिला हवं ते सापडलं. खालून जड घरघर, वरून बारीक शीळ, दोन्ही सावकाश वाढत जातात आणि ऐन भरात सगळं एकदम थांबतं. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा घरघर.

ते माझ्या फितीवर उतरल्यावर तिनं माझ्या लेबलवर इंग्रजीत ‘कावारा’ लिहून आपला छोटा फोटो चिकटवला आणि माझ्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे मोडून टाकले. ते मोडले की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मला वाटलं, आता मी कायमची सुरक्षित झाले.

पण मला घेणार कोण? माझ्या बहिणी खोक्यात पडून राहिल्या. एका तळघरात मिसाओनं कार्यक्रम केला, तेव्हा निम्मे लोक मध्येच उठून गेले. शेवटपर्यंत बसलेल्या एका तरुणानं मला विकत घेतलं. तो मला वर्षानुवर्षं जवळ बाळगत होता, प्रवासातसुद्धा. असाच एकदा तो मुंबईला आला आणि मला प्लेअरसकट हॉटेलच्या खणात विसरून गेला. कुणी मागायला आलं नाही. मग हॉटेलवाल्यांनी मला तिथं सफाईचं काम करणाऱ्या दीपकला देऊन टाकलं.

दीपक पोलादपूरचा. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून वर डोंगरात त्यांची वाडी. गावी येताना त्यानं मला आईसाठी आणलं.

“आई, जपानचं म्युझिक हाय. कानाला लाव, टाइमपास होईल.”

आवडीबाईनं हेडफोन पाहिला आणि हात मागे घेतला. “माझ्या कानात आधीच काय कमी हाय? नको रे बाबा.”

याचं कारण मला हळूहळू कळलं. तरुणपणी आवडीबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या मशीनशी राबली होती. ते काम सुटलं, पण मशीन काही सुटलं नाही. तिच्या कानात ते दिवसरात्र चालू होतं. सुरुवातीला तिनं घरच्यांना सांगून पाहिलं. कुणी म्हणालं डोक्यात वारं शिरलं, कुणी भगताकडून दंडाला दोरा बांधून आणला. मग तिनं सांगणंच सोडलं. सून रूपाली हाका मारायची आणि आवडीबाई ढिम्म हलायची नाही. रूपालीला वाटायचं, म्हातारी मुद्दाम करते. एकदा तिची धाकटी पोर समीक्षा मागल्या दारी पडून रडत होती आणि आवडीबाई दोन हातांवर पावटे सोलत बसून राहिली. त्या दिवसापासून रूपालीनं नात तिच्यापाशी ठेवली नाही. शेतावर जाताना पोरीला काखोटीला मारून न्यायची. आवडीबाई दारातून पाठमोऱ्या पोरीकडे बघत राहायची, ते मी फळीवरून पाहत होते.

पोरांनी मला एकदोनदा लावून बघितलं आणि पोट धरून हसली. “टेप बिघडलाय!” सगळ्यांचं एकमत झालं. मग सयाजीची नजर माझ्यावर गेली.

सयाजी हा आवडीबाईचा चुलत दीर. गणपतीत वाडीचं जाखडी नाचाचं पथक तोच नाचवायचा. त्याच्याकडे दोन स्पीकरचा जुना टेपरेकॉर्डर होता. मोबाइलवर रेकॉर्ड केलेली ढोलकी त्याला डबा वाजवल्यासारखी वाटायची, आणि कोरी कॅसेट महाडच्या बाजारातही मिळेनाशी झाली होती.

“नायतरी भंगारच हाय हे,” म्हणत त्यानं मला नेलं आणि माझ्या पाठीवरच्या मोडक्या जागी चिकटपट्टी लावली. झालं! मिसाओनं केलेला बंदोबस्त तेवढ्यानं संपला.

मित्रांनो, पुसलं जाणं कसं असतं, ते तुम्हाला कसं सांगू? दुखत नाही. सयाजी “हॅलो, हॅलो” म्हणाला, दोनचार वेळा ढोलकीवर थाप पडली, आणि तेवढ्या जागेतला माझा आवाज होता की नव्हता, हेच मला आठवेना.

कसं उतरलंय ते ऐकायला त्यानं फीत मागे घेतली. ओटीवर पथकातली माणसं होती, पोरं होती. आवडीबाई आणि रूपाली गोणपाटावर भात पसरत होत्या. स्पीकरमधून “हॅलो, हॅलो” आलं, सगळे खूश झाले. ढोलकी वाजली. ती संपली आणि तिच्यामागे शिल्लक राहिलेली माझी घरघर अंगणात घुसली.

पोरांनी कानांवर हात ठेवले. सयाजी बटणाकडे वळला.

“भावजी, थांबा!”

आवडीबाई उठून उभी राहिली होती. आधी तिला वाटलं असणार, नेहमीचंच आहे. पण पोरांचे हात तिला दिसले. तिच्या कानातल्या आवाजाला आजवर दुसऱ्या कुणी कान झाकले नव्हते.

“तुमाला पन ऐकू येतो हा?” तिनं विचारलं.

“म्हंजे काय वयनी? कान फाटायची पाळी आली,” सयाजी म्हणाला.

“हाच. हाच तो. मी सांगत व्हते तो.” ती सुनेकडे वळली. “रूपाली, ऐक गो. हाच माझ्या कानात हाय.”

सयाजीचा हात बटणावरून खाली आला. घरघर वाढली, शीळ वर चढली, पोरं आईच्या पदराआड गेली. रूपाली दात आवळून ऐकत होती. आणि मग मिसाओनं ठरवलेल्या जागी सगळं एकदम थांबलं. खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. कुणीतरी सुटल्यासारखा श्वास सोडला.

आवडीबाईनं हात वर केला. “तुमचा थांबला,” ती म्हणाली. “माझा चालूच हाय.”

रूपालीच्या हातातलं भाताचं सूप तसंच राहिलं. “आई, जेवताना पन? झोपताना पन?”

“जेवताना पन, गो.”

रूपालीनं सासूचा हात धरून तिला ओटीवर बसवलं आणि समीक्षाला उचलून तिच्या मांडीत ठेवलं.

पुढं ती आवडीबाईला महाडला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. नुसतं सांगून कुणाला पटायचं नाही, हे आता तिला ठाऊक होतं. म्हणून सयाजीचा टेपरेकॉर्डर चादरीत गुंडाळून एसटीनं नेला, आणि आत मी होते. डॉक्टरांनी मला शांतपणे ऐकलं. ते म्हणाले, “हे वेड नाही. मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या नसा दुखावल्यात. पूर्ण जाणार नाही, पण कानाला मशीन लावलं तर माणसांचं बोलणं ऐकू येईल आणि याचा त्रास थोडा कमी वाटेल.” आवडीबाईला त्यातलं ‘वेड नाही’ एवढंच पुष्कळ झालं. कानाला मशीन लावून परत आल्यावर तिनं दंडाचा दोरा सोडून ओढ्यात टाकला.

सयाजीनं माझ्यावर पुन्हा रेकॉर्डिंग केलं नाही. शेवटी त्यानं मोबाइलशी जमवून घेतलं आणि टेपरेकॉर्डर आवडीबाईकडेच ठेवला. त्याचं “हॅलो, हॅलो” मात्र माझ्या फितीच्या सुरुवातीला अजून आहे, आणि ते लागलं की आवडीबाई हसते.

कधीमधी ती मला लावायला सांगते. एकदा म्हणाली, “ही बाय घाईत नाय रे. चुलीवरच्या दुधावानी आवाज वर आणते, पन उतू जाऊ देत नाय.” इतकी वर्षं मी असं कुणाकडून ऐकलं नव्हतं. दीपकनं मोबाइलवर ‘कावारा’ शोधून पाहिलं. ढीगभर कौलं दिसली, मिसाओ कुठेच सापडली नाही. ती आहे की नाही, मलाही माहीत नाही. इथं डोंगरात तिचं ऐकतात, हे तिला कोण सांगणार?

परवा वरच्या वाडीतली ठमाबाई काठी टेकत आली. आधी भाताबद्दल बोलली, मग गुरांबद्दल. निघता निघता थांबली.

“आवडे, कुणाला सांगू नको. माझा पन वाजतो गो.”

“कसला वाजतो?”

“बारीक. किड्यावानी. घरात कधी बोलले नाय.”

आवडीबाईनं मला लावलं. “खालची घरघर माझी हाय, ती सोड. वरची शीळ ऐक.” ठमाबाई स्पीकरशी वाकली. बऱ्याच वेळानं तिनं आवडीबाईचं मनगट घट्ट धरलं.

मित्रांनो, माझी फीत आता पातळ झाली आहे. दर खेपेला मी थोडी झिजते, त्याचं वाईट वाटत नाही. माझं मागणं एवढंच आहे की जे कळत नाही ते पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि तुमच्या घरात कुणी म्हणालं, मला काहीतरी ऐकू येतं, तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा, कसला आवाज?