जानकीचं डोहाळजेवण

कुंदा परबचा हात गरोदर बाईच्या पोटाकडे आपोआप जातो, त्याला ती तरी काय करणार? मरोळमधल्या एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात अर्धं आयुष्य प्रसाविका म्हणून काढलेली बाई. समोरची नाव सांगेपर्यंत हिची बोटं महिने मोजून मोकळी. त्या हातानं आजवर कुणाचं वाईट केलं नव्हतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर लांबलचक रजा संपवून ती कामावर आली, त्या सकाळी मात्र केलं. ओपीडीच्या दाराशी नर्स जानकी उभी होती. पोरगी काटकुळी, पण एप्रन दुप्पट मापाचा. कुंदानं लाडानं तिच्या पोटावर तळवा टेकला आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई! सातवा लागला की तुला! आणि मला पत्ता नाही?"

जानकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या मागेच प्रशासक सुबोध उभे होते.

जानकी कंत्राटी होती. कंत्राटी नर्सला दिवस गेले की तिचं कंत्राट पुढे वाढत नसे, ही तिथली जुनी रीत. कोणी ओरडत नसे, कोणी 'काढलं' असं म्हणतही नसे. गोड बोलून ओळखपत्र तेवढं मागून घेत. दिवसभर दुसऱ्यांची पोरं जगात आणायची आणि स्वतःचं आणायचं म्हटलं की घरी बसायचं! संध्याकाळी जानकीचं ओळखपत्र सुबोधांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडलं.

"पण मला कोणी सांगितलं का नाही?" कपडे बदलायच्या खोलीत कुंदानं रडवेल्या आवाजात विचारलं.

संघमित्राही कंत्राटी नर्स, आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "तुम्ही पर्मनंट, सिस्टर. तुम्हाला कशाला कोण सांगेल? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिची जड कामं आम्ही वाटून घेतली होती. तुम्ही आल्या आल्या वाट लावलीत ना!"

कुंदाला ते लागलं, आणि खोटं नव्हतं म्हणून जास्तच लागलं. या पोरी इतकी वर्षं तिच्या शेजारी उभ्या राहून राबत होत्या. त्यांना दिवस गेले की त्या कुठे जातात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि सकाळी उठली ती ठरवूनच.

कर्मचारी संघटनेचे सरचिटणीस चंद्रप्रकाश अंधेरीच्या कार्यालयात चहा पीत होते. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. "कुंदाताई, कंत्राटी बायका आपल्या सभासद नाहीत."

"मग करून घ्या."

"दिवाळीनंतर बघू. आणि करणार काय तुम्ही? लेबर रूममध्ये संप करणार?"

"कळा सुरू झालेली बाई कोणासाठी थांबत नाही, भाऊ. संप कशाला? आणि दिवाळीपर्यंत जानकी बाळंत झालेली असेल. मंगळवारी माझं मी बघते."

मंगळवार हा गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. अंगणातले बाक सुनांनी आणि त्यांच्या सासवांनी भरलेले. आतलं काम नेहमीसारखं चालू होतं, आणि सुट्टी असलेल्या नर्सा, आया हिरव्या साड्या नेसून एकेक करत फाटकातून आत आल्या. मधोमध खुर्ची मांडली. जानकीला हिरवा चुडा घातला, केसांत गजरा माळला. कुंदानं तिच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला.

सुबोध धावत आले. "हे काय चाललंय?"

"डोहाळजेवण, साहेब. आत एकही काम अडलेलं नाही, बघून या."

"ती आता इथं कामाला नाही."

"का नाही, ते जरा मोठ्यांदा सांगा. या सगळ्यांना तीच तपासायची."

सुबोधांची नजर जानकीच्या पोटावर गेली. बाकावरच्या बायका काय समजायचं ते समजल्या. सुनेला घेऊन आलेली एक मालवणी म्हातारी काठी टेकत उठली. "पोटुशी म्हणान तिका कामावरना काढलंस? मेल्या, तुका काय झाडावरना काढलेलो?"

अंगणभर हशा पिकला. सुबोधांचे कान लाल झाले. मग एकेक सासू उठली आणि जानकीला कुंकू लावायला रांगेत उभी राहिली. रांग फाटकापर्यंत गेली.

"बाळंतपणाची रजा कंत्राटी बाईलाही असते. कायदाच आहे तसा," कुंदा शांतपणे म्हणाली. "ओळखपत्र आणा, साहेब. आम्ही इथंच आहोत."

सुबोध ट्रस्टींना फोन करायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. कुंदाचा गुडघा ठणकत होता, पण ती बसली नाही. अखेर ते आले, हातात ओळखपत्र. ते त्यांनी कुंदापुढे धरलं. तिनं हात मागे घेतला.

"रजेनंतर ती परत येणार, हे आधी सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"रजेनंतर... परत कामावर घेऊ," सुबोध म्हणाले. म्हातारीनं त्यांच्या हातातलं ओळखपत्र घेतलं आणि जानकीच्या ओटीत, नारळाशेजारी ठेवलं. जानकी तेव्हा कुठे रडली.

त्याच आठवड्यात कुंदा सगळ्या कंत्राटी बायकांना घेऊन संघटनेच्या कार्यालयात जाऊन बसली. सभासद करून घेईपर्यंत ती हलली नाही. चंद्रप्रकाशांनी अखेर हात टेकले. दिवाळीनंतर निवडणूक झाली आणि अध्यक्षपदासाठी बायकांनी कुंदाशिवाय दुसरं नावच येऊ दिलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संघमित्रा त्याच ओपीडीच्या दाराशी कुंदाच्या समोर येऊन उभी राहिली. एप्रन तिच्या मापाचाच होता. कुंदाचा हात सवयीनं उठला, पण तिनं तो आवरला आणि पाठीमागे घट्ट धरून ठेवला.

कॉरिडॉरमधून सुबोध येत होते. संघमित्रानं त्यांना जवळ येऊ दिलं.

"गुड मॉर्निंग, साहेब," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मला चौथा चालू आहे."