हलकी काडतुसं

रेनियरची चिठ्ठी दर वर्षी मार्चअखेर येते. तो येत नाही. चिठ्ठी आणि झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा डबा घेऊन सिमाटा येतो, पार उत्तरेच्या कातिमापासून इथं माझ्या ग्रूटफोंटेनपर्यंत दिवसभर गाडी हाकत. सिमाटा म्हणजे शिकारीत त्याच्यासाठी जनावरांचा माग काढणारा माणूस, तीस वर्षांपासूनचा.

रेनियर माझा नवरा, धंद्यानं शिकारी. कागदोपत्री अजून आहे. चोवीस वर्षांपूर्वी कातिमाच्या एका नर्सपायी घर सोडून गेला, पण काडतुसं अजून माझ्याच हातची लागतात त्याला. बायको बदलायला त्याला काही वाटलं नाही. काडतुसं भरणारी बदलायला मात्र छाती होत नाही. रानरेडा अंगावर येत असताना बार फुसका गेला तर काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. माझा बार फुसका जात नाही.

चिठ्ठीवर माझं नाव नसतं, कशी आहेस नसतं. नुसती मागणी. पण तेवढ्यावरून मला त्याचं सगळं कळतं. मऊ गोळ्या जास्त मागवल्या की यंदा रेडे. नुसत्या कडक मागवल्या की हत्ती. मऊ म्हणजे टोकाला शिसं उघडं, आत गेली की फुलते. कडक म्हणजे सबंध पितळेची, हाड फोडून सरळ जाते. रेड्याला पहिली मऊ आणि तिच्यामागं तीन कडक, कारण पहिली लागली की रेडा एकतर पाठ फिरवून पळतो नाहीतर समोरून येतो, आणि दोन्ही बाजूंनी आतड्याकाळजापर्यंत पोचायला पुष्कळ रेडा ओलांडावा लागतो. हत्तीला सगळ्याच कडक. कडक काडतुसाच्या बुडाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका देते, म्हणजे घाईत हात चुकत नाही. नखांना ते लावून किती वर्षं झाली, देव जाणे.

एका वर्षी अक्षर लटपटलेलं होतं, तेव्हा मी ओळखलं, मलेरिया झालाय. पुढच्या वर्षी सिमाटा सहज बोलून गेला तेव्हा ते खरंच निघालं. तेव्हापासून माझा या वाचनावर फार विश्वास बसला. जरा जास्तच बसला.

यंदाची चिठ्ठी अशी होती: चारशे अठ्ठावन्नच्या रायफलीची, वीस मऊ, वीस कडक, गोळी पाचशेऐवजी साडेचारशे ग्रेनची, बारूद बारा ग्रेन कमी.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. ग्रेन म्हणजे आमचं गोळी-बारूद तोलायचं वजन, पंधरा मिळून जेमतेम एक ग्रॅम, आणि हा माणूस जन्मात कधी अर्धा ग्रेन कमी चालवून घेणारा नव्हे. नवीन लग्न झालं तेव्हा नव्या बारुदाची चाचणी आम्ही परसात घ्यायचो आणि त्यातले निम्मे बार माझ्या खांद्यावर निघायचे. हलकी भरू का जरा, असं एकदा विचारलं तर म्हणाला होता, रेड्याला तुझा खांदा दिसत नाही, आलेटा. आणि आता तोच बारा ग्रेन कमी मागतोय! बारूद कमी तर खांद्याला दणका कमी, म्हणजे खांदा गेला. पासष्टी उलटली, इतकी वर्षं दणके खाल्ले, जाणारच. त्या क्षणी मला त्याची इतकी माया आली, की मीच दचकले. दुखरा खांदा घेऊन तो तिथं एकटा नव्हता, त्याची नर्स होती की शेकायला. पण ते मला आठवायचंच नव्हतं.

सिमाटा दारात टोपी हातात घेऊन उभा होता. ‘‘बाई, ते हलकं भरायचं आहे ना, ते जरा...’’ असं काहीतरी त्यानं सुरू केलं.

‘‘हलकं का भरतात ते तू मला शिकवू नकोस,’’ मी म्हटलं.

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. रेनियरच्या त्या घरातलं मी काही विचारत नाही आणि तो सांगत नाही, अशी आमची रीत आहे. तोंड बंद करायला मी नेहमीच पटाईत. त्या दिवशी नसते तर बरं झालं असतं.

माझा एक नियम या भागातल्या सगळ्या शिकाऱ्यांना पाठ आहे. हलकी काडतुसं हवी असतील तर ज्याला झाडायची त्यानं स्वतः यायचं, परसातल्या भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात माझ्यासमोर तीन बार टाकायचे, गोळी किती खोल जाते ते बघून मग मी ठरवणार. मी एकदा न बघता भरून दिली होती. तो माणूस रानातून परत आला नाही, आणि त्याच्या बायकोला रस्त्यात बघितलं की अजून मी पलीकडच्या बाजूला जाते. तेव्हा नियम खोटा नव्हता. पण त्या दिवशी मी तो पुढं केला तो काही काळजीपोटी नाही, हे मी आता कबूल करते. मला रेनियर हवा होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला माझ्या दारात आणायला माझ्याकडं काहीतरी निमित्त होतं.

सिमाटाला म्हटलं, सांग त्याला, नियम सगळ्यांना सारखा. सिमाटानं पुंगळ्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाला, ‘‘पाठवतील, बाई.’’ पाठवतील या शब्दापाशी मी थांबायला हवं होतं.

पुढचे दहा दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. ताकातले रस्क भाजले, त्याला आवडतात तसे बडीशेप घालून. केस कापून घेतले. शेजारणीनं विचारलं, काय गं, चर्चमध्ये कोणाचं लग्न आहे? तिला म्हटलं, तुझं काम कर. परसातला गवताचा पट्टा कापला, वर्तमानपत्रं पिंपात भिजत घातली. रात्री काय बोलायचं ते ठरवायचे आणि सकाळी ते सगळं खुळचट वाटायचं. साठीला टेकलेली बाई मी.

शनिवारी सकाळी दहा वाजता गाडी आली, वाटेत रात्र काढून. सिमाटा उतरला. पलीकडचं दार उघडलं आणि एक उंच मुलगी खाली उतरली, बावीस-तेवीसची, हातात रेनियरची रायफल.

‘‘नमस्कार, तानी,’’ ती म्हणाली. तानी म्हणजे मावशी. आमच्याकडची वळणाची मुलं मोठ्या बाईला तू, तुम्ही काहीच म्हणत नाहीत, नुसतं तानीच म्हणतात. ‘‘मी नेरिना. बाबा म्हणाले, तानीचा नियम आहे, ज्याला झाडायची त्यानंच जायचं. जूनमध्ये माझी शिकाऱ्याची परीक्षा आहे. तानीला त्रास तर नाही ना?’’

माझ्या तोंडून एवढंच निघालं, ‘‘आणि बाबांचा खांदा?’’

‘‘बाबांचा?’’ ती हसली. ‘‘त्याला काय धाड भरलीय?’’

मी सिमाटाकडं बघितलं. तो टायर बघत होता.

माझ्या खांद्यासाठी एक ग्रेन कमी न करणाऱ्या माणसानं या पोरीसाठी बारा ग्रेन कमी केले होते. त्याची बायको म्हणून मला तेव्हा जे वाटलं ते वाईट होतं, आणि त्याहून वाईट ते जे सुचलं. सुचलं ते असं, की दे भरून मागितल्याप्रमाणे. मागणी त्याची, अक्षर त्याचं. असल्या काडतुसाची कडक गोळी हत्तीच्या कपाळाच्या हाडात निम्म्यावर अडकते आणि हत्ती अडकत नाही. मला कोणी काही म्हणणार नव्हतं.

तिला परसात नेलं. तीन पूर्ण भरलेली काडतुसं दिली. पहिल्या बाराला ती एक पाऊल मागं गेली. दुसऱ्याला दात आवळले. तिसऱ्याला घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटले आणि गोळी गठ्ठ्याच्या वरून मातीच्या बांधात गेली. तरी म्हणाली, अजून एक टाकू का, तानी?

‘‘गप्प बस आणि खांदा दाखव.’’

सदऱ्याची बटणं काढून तिनं खांदा उघडा केला. लालभडक झाला होता. मी हात ठेवला. हाड रुंद होतं, बाहेरच्या टोकाला जरा उचललेलं, आणि ते हाड मी अंधारातही ओळखलं असतं. ती कळवळली पण हलली नाही. मी हात लवकर काढला नाही.

‘‘तुझा बाप मूर्ख आहे,’’ मी म्हटलं. ‘‘मायेपोटी झालाय, पण मूर्खच. मोठ्या रायफलीत अर्धवट भरलेली काडतुसं घालून तुला रेड्यापुढं उभी करणार होता. तुला लहान रायफल हवी, आणि काडतूस पूर्ण. समजलं? पूर्ण.’’

‘‘लहान म्हणजे तीनशे पंच्याहत्तर, पण ती रायफल आमच्याकडं नाही, तानी.’’

माझ्याकडं होती. त्याची पहिली रायफल, घर सोडताना कपाटात राहिलेली, परवाना अजून त्याच्या नावाचा. दर महिन्याला मी तिला तेल द्यायची, दस्ता पुसायची. या रायफलीसाठी तरी एक दिवस यावं लागेल त्याला, असं मी चोवीस वर्षं धरून चालले होते. कपाटाच्या दारापाशी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. शेवटी काढली आणि तिच्या हातात दिली.

त्या रायफलीनं तिनं तीन बार टाकले. तिन्ही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. डोळे उघडे.

मग तिच्या मापाच्या पुंगळ्या आणि तीनशे ग्रेनच्या गोळ्या काढून मी दुपारपर्यंत काडतुसं भरली. वीस मऊ, वीस कडक, बारूद पूर्ण. ती शेजारी बसून बघत होती, विचारत होती, मी सांगत होते. नेलपॉलिशचे ठिपके तिनंच दिले. चाळीस काडतुसं होईपर्यंत चार रस्क खाल्ले आणि म्हणाली, बाबा असेच रस्क आईला करायला सांगतात, पण तिला जमत नाहीत. मी उरलेले डब्यात घालून दिले.

निघताना तिनं विचारलं, बाबांना काही सांगू का? ओठांवर पुष्कळ आलं. ती त्याची मुलगी, तिला काय सांगणार? म्हटलं, सांग, खांदा बघितला, चांगला आहे.

सिमाटानं रायफल मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून आडवी ठेवली. गाडी फाटकातून उत्तरेकडं वळली आणि मी दार लावायला आत आले. कपाट उघडंच राहिलं होतं. आता या घरात त्याचं असं काहीच नव्हतं, की जे न्यायला त्याला यावं लागेल.