भागोजीची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, मी जगाची शांतता राखली आहे. म्हणजे राखली हवालदार भागोजीने, आणि त्यानेही तशी लांबूनच.

भागोजी इथलाच, रत्नागिरीचा. संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून परदेशात शांतिसेनेत जायचं ठरलं, तेव्हा त्याने मला पदरमोड करून घेतलं, कारण सरकारी दुर्बीण साहेबांच्या गळ्यात असे. तिकडे दोन टोळ्या लढत होत्या आणि आम्ही मधल्या टेकडीवर. काम एकच, बघायचं आणि कळवायचं.

खालच्या निर्वासितांच्या छावणीतल्या बायका सरपणाला जात. एकदा माझ्या काचा उन्हात चमकल्या. कुणीतरी आपली राखण करतंय, असं त्यांना वाटलं, आणि झाडीतली वाट सोडून त्यांनी आमच्यासमोरची उघडी वाट धरली. पिवळ्या फडक्यातली एक तर रोज हात हलवी. भागोजीही हलवी.

"सोयरीक जमवतोस काय रे?" साहेब म्हणत. मला फार अभिमान वाटे.

मग एका सकाळी बंदूकवाले त्याच वाटेला लागले.

साहेब खाली तळावर होते. भागोजीने वायरलेस उचलला. "साहेब, सात-आठ जण आहेत. समोरून बायका येतायत. जाऊ खाली?"

"गोळी झाडली त्यांनी?"

"अजून नाही."

"मग आपल्याला अधिकार नाही. वर विचारतो. तू लक्ष ठेव."

त्याने लक्ष ठेवलं. पिवळं फडकं थांबलं आणि तिने टेकडीकडे बघून दोन्ही हात हलवले. माझ्यातून सगळं स्वच्छ दिसत होतं.

परवानगी दिवेलागणीला आली. तोवर वाटेवर नुसतं सरपण पडलं होतं. त्यानंतर तिथून कुणी गेलं नाही, आणि भागोजी रोज कळवत राहिला, "परिसर शांत." निघताना त्याला पदक मिळालं.

आता मी आरे-वारेकडे त्याच्या आंब्याच्या बागेत, राखणीच्या माळ्यावर असते. एका भिंगाला बुरशी आली आहे. मित्रांनो, आम्हांला कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्याने पुसा. आणि लांबून कुणी हात हलवला, तर आधी आम्हांला खाली ठेवा.

परवा माकडं आली. विहिरीवरून त्याची बायको तुळसा म्हणाली, "अवो, बगताव काय नुसतं? उतरा नि हाकला."

भागोजीने मला डोळ्यांवरून काढलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "गेली काय?"

"गेली. शांत हाय सगळं."

झाडावर एक आंबा उरला नव्हता.